एक सत्र भिवंडीत

इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा डिझाइनच्या विद्यार्थ्यांना शाश्वतता शिकवण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आली आहे, अशा शिक्षकांसाठी हा लेख आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण शिक्षणाबाबत आदेश दिला आणि पुढे पदवीच्या सगळ्या शाखांना हा विषय सक्तीचा झाला. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या एनबीएच्या आधीच्या, बारा निष्पत्तींच्या यादीत सातव्या क्रमांकावर 'पर्यावरण आणि शाश्वतता' आली. तरीही बहुतेक कॉलेजांत काय चालतं ते तुम्ही जाणता. ओझोनचा थर, जैवविविधता, सौरऊर्जेचे फायदे, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली पाच-पाच मुद्द्यांची उत्तरं. मुलं पास होतात आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये त्या तासाची खूणही दिसत नाही.

मला याचं मूळ एका सवयीत दिसतं. हिशेब कुठे थांबवायचा हे आपण मुलांना नीट शिकवतो, पण तो तिथेच का थांबवला हे विचारायला शिकवत नाही. मोटर डिझाइन करणारा मोटरच्या कार्यक्षमतेपाशी थांबतो, कापडाचं डिझाइन करणारी रंगसंगतीपाशी थांबते, गोदामाच्या छपराची शीट बसवणारा पाणी पन्हाळीतून खाली गेलं की सुटतो. प्रत्येकाचं उत्तर आपापल्या चौकटीत बरोबर असतं. चौकटीबाहेर जे ढकललं गेलं ते कुणाच्या वाट्याला आलं, हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत नसतो. सिस्टिम थिंकिंग शिकवायचं म्हणजे हा प्रश्न मुलांच्या अंगवळणी पाडायचा. फळ्यावर बाण काढून ते होत नाही. त्याला खरी जागा लागते, आणि ठाणे, कल्याण, वसई, शहापूर, मुंबई इथल्या कॉलेजांसाठी मी बिनदिक्कत भिवंडीचं नाव घेईन.

भिवंडीत लाखो यंत्रमाग आहेत. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईतलं कापड उत्पादन जिकडे सरकलं त्यात हे गाव मोठं होत गेलं. शहराच्या भोवती, मानकोली, काल्हेर, दापोडे, वळ, पूर्णा या पट्ट्यात भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली. ऑनलाइन मागवलेली वस्तू मुंबईच्या घरात येते तेव्हा ती बहुधा इथून निघालेली असते. मधून कामवारी नदी वाहते. तालुक्यात पिसे आणि पांजरापूर इथे भातसाचं पाणी उचलून, शुद्ध करून मुंबईला पाठवलं जातं. कापड, वीज, पाणी, जमीन, वाहतूक आणि परगावाहून आलेला कामगार, सगळं एका तालुक्यात, कॉलेजपासून तासा-दीड तासावर. अशी प्रयोगशाळा कुठल्याही अनुदानातून बांधून मिळणार नाही.

सुरुवात एका मीटर ग्रे कापडापासून करा. ग्रे म्हणजे मागावरून उतरलेलं, अजून धुतलेलं-रंगवलेलं नसलेलं कापड. प्रत्येक गटाच्या हातात त्याचा एक तुकडा द्या आणि सांगा, या सत्रात तुम्हाला या तुकड्याच्या मागे आणि पुढे जायचं आहे.

कारखान्यात जाण्याआधी थोडी तयारी हवी. केस बांधलेले, ओढणी नाही, सैल बाह्या नाहीत. धोटा कधीकधी मागातून उडतो, म्हणून मागाच्या दोन्ही बाजूंना, धोट्याच्या रेषेत, कुणीही उभं राहू नये. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त मुलं आत नेऊ नका, दोन मागांमधली वाट एका माणसापुरती असते. मालकाला आधी भेटा, काय विचारणार ते सांगा आणि निष्कर्ष त्यालाही दाखवाल असा शब्द द्या. कामगारांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की कारीगराची मजुरी मीटरवर असते. तुम्ही त्याला पंधरा मिनिटं बोलत ठेवलंत तर ती पंधरा मिनिटं त्याच्या पगारातून जातात. म्हणून बोलणं पाळी बदलताना किंवा चहाच्या वेळी करा. मुलांनी हिंदीत बोलावं, वयाने मोठ्या कारीगराला 'चाचा' म्हणावं, आणि फॉर्म भरून घेतल्यासारखे प्रश्न विचारू नयेत. कारीगराची ही पंधरा मिनिटं कुणाच्या खिशातून जातात, हाच सत्राचा पहिला धडा समजा. पाहणीचीही एक किंमत असते आणि ती दुसराच कुणीतरी भरत असतो.

आत गेल्यावर मुलांना आधी दहा मिनिटं एकाच मागासमोर उभं करा, काहीही न लिहिता. ताण्याची तार तुटते. कारीगर माग थांबवतो, तुटलेलं टोक शोधतो, बोटांवर थोडं सूत घेऊन गाठ मारतो, ती तार मागावरच्या धातूच्या तारेच्या डोळ्यातून आणि फणीच्या दातांतून ओढून घेतो आणि माग पुन्हा चालू करतो. तोवर पाठीमागच्या मागावरची कांडी (आडव्या सुताची गुंडी) संपलेली असते. तो मान वळवत नाही, आवाजावरून त्याला कळतं. डिझाइनच्या मुलांसाठी हे फार मोलाचं आहे. कारण भिवंडीत आलेल्या डिझाइनच्या विद्यार्थ्याला पहिली कल्पना सुचते ती कानात घालायच्या बोळ्यांची. आवाज आहेच तेवढा. आपल्याकडे कारखान्यासाठी आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा धरतात, आणि इथली पाळी बारा तासांची असते. पण ज्याचे कान हेच मुख्य अवजार आहे, त्याला कान बंद करायला सांगितलं तर तो ऐकणार नाही, आणि त्याचं बरोबर असेल. आवाज उगमापाशी कमी करायचा तर नायलॉनचे सुटे भाग, नीट बसवलेला पाया, वेळच्या वेळी वंगण, असा रस्ता धरावा लागतो. तो मालकाच्या खर्चात जातो. मग मालक तो का करत नाही, हा प्रश्न येतो. प्रश्न असा एकातून दुसऱ्यात शिरू लागला की समजा, सत्र रुळावर आलं.

आता हिशेब. मुलांना मागाचा वेग मोजायला सांगा. साधा धोट्याचा माग मिनिटाला १२० फेरे घेतो आणि कापडात इंचाला ४८ पिक (आडवे धागे) आहेत असं धरू. मिनिटाला अडीच इंच, तासाला १५० इंच, म्हणजे पावणेचार मीटरच्या आसपास. तार तुटणं, कांडी बदलणं यात पाचवा हिस्सा वेळ गेला तर तासाला तीन मीटर. एक अश्वशक्तीची मोटर तासाला अर्धं युनिट खात असेल तर एका मीटरला युनिटचा सहावा हिस्सा. कारखान्याच्या बिलावरून आणि ताक्यांच्या (कापडाच्या गुंडाळ्यांच्या) नोंदवहीवरून हा आकडा तपासायला लावा. तो जुळणार नाही. दिवे, कांडी भरायचं मशीन, पंखे, गळती, बंद मागावर चालू राहिलेल्या मोटरी अशी कारणं मुलं स्वतः शोधतात, आणि अंदाज व मोजमाप यांतलं अंतर त्यांना आयुष्यात पहिल्यांदा उमगतं. इथे थांबू नका. त्याच मीटरला सूत कातताना आणि पुढे पाणी उकळून धुताना-रंगवताना किती ऊर्जा लागते ते पाहायला लावा. मागाची वीज वाचवण्यासाठी धडपडणारी मुलं इथे चपापतात, कारण उष्णतेचा मोठा खर्च ओल्या प्रक्रियेत असतो आणि ती प्रक्रिया भिवंडीत बहुतांशी होतच नाही.

माझ्या मते सत्राचा निम्मा वेळ सायझिंगवर घालवावा. सिस्टिम म्हणजे काय ते समजावणारं याहून चांगलं उदाहरण मला महाराष्ट्राच्या कापडधंद्यात दिसत नाही. ताण्याची तार मागावर सतत ताणली जाते, घासली जाते. ती तुटू नये म्हणून बीम (ताण्याचा मोठा रूळ) भरण्याआधी तारांना खळ देतात. सुती तारेला साधारण तिच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी, बहुधा स्टार्चची. खळ चांगली बसली की तार कमी तुटते, माग कमी थांबतो, कारीगराला चार पैसे जास्त मिळतात. विणकाम संपलं की त्या खळीचं काम संपलं. पुढे कापड रंगवायचं तर ती पूर्ण धुऊन काढावी लागते, नाहीतर रंग धरत नाही. म्हणजे मागावरची अडचण सोडवण्यासाठी जो पदार्थ घातला, तो पुढच्या गावी पाण्यात सोडायचा.

हे आकड्यांत मांडा. मीटरला १०० ग्रॅम वजनाचं सुती कापड घेतलं तर एक टन म्हणजे दहा हजार मीटर. चोवीस मागांचा छोटा कारखाना, तासाला तीन मीटर, दिवसाचे वीस तास धरले तर रोज सुमारे चौदाशे मीटर विणतो. म्हणजे आठवड्याला एक टन. त्यात निम्मा ताणा धरला तर ५० किलो खळ. किलोभर स्टार्च कुजताना पाण्यातला अर्धा किलो ऑक्सिजन खातो, म्हणजे २५ किलो बीओडी. एका माणसाच्या रोजच्या सांडपाण्याची बीओडी ४५ ग्रॅम धरतात. भागाकार करा. चोवीस मागांच्या एका कारखान्याची आठवड्याची खळ म्हणजे साडेपाचशे माणसांचं एका दिवसाचं सांडपाणी. आणि हा एकच छोटा कारखाना झाला.

हे सांडपाणी कुठे जातं, असं आता विचारा. भिवंडीचं ग्रे कापड ट्रकमध्ये भरून पाली, बालोत्रा अशा राजस्थानातल्या प्रक्रिया केंद्रांकडेही जातं. पालीच्या बांडी नदीबद्दल तिथले शेतकरी वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभारूनही तो प्रश्न न्यायालयं आणि हरित लवादापर्यंत गेला. ठाणे जिल्ह्यात खळ दिली आणि मारवाडात, जिथे पाण्याचा थेंब मोजून वापरतात, तिथे ती धुतली. विद्यार्थ्यांना भारताचा नकाशा देऊन ही रेघ त्यांच्या हाताने काढायला लावा.

हुशार मुलं लगेच स्टार्चच्या जागी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) सुचवतात, त्याची बीओडी कमी असते. बरोबर आहे, पण बीओडी कमी असण्याचं एक कारण हेच की ते सहज कुजत नाही, पाण्यात टिकून राहतं. ते गाळून परत वापरता येतं, मात्र त्यासाठी खळ देणारा आणि खळ धुणारा एकाच छताखाली किंवा निदान एकाच करारात हवेत. भिवंडीचा सायझिंगवाला आणि पालीचा प्रोसेसवाला एकमेकांना ओळखतही नाहीत. रसायनाचा प्रश्न इथे करारांचा आणि विश्वासाचा प्रश्न होतो. टेक्स्टाइलच्या प्राध्यापकांनी इथे घाई करू नये, मुलांना अडकू द्यावं. दुसरीकडे भिवंडीतच सायझिंगच्या बॉयलरमध्ये काय जळतं हेही पाहावं लागेल. लाकूड, कोळसा, चिंध्या, कुठे कुठे प्लास्टिकचा कचरा. यावर प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारवाया केल्या आहेत आणि धुराच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. चिंधीचा कचरा संपला आणि इंधनही स्वस्त पडलं, हे कारखान्याच्या चौकटीतलं चोख उत्तर. शेजारच्या चाळीत खोकणाऱ्या मुलाचा त्या हिशेबात रकाना नाही.

आकडेमोड झाली की फेऱ्यांकडे वळा. कारण आणि परिणाम यांची साखळी गोल फिरून स्वतःकडे परत येते, ही गोष्ट इंजिनिअरला कंट्रोल सिस्टिमच्या तासात शिकवलेली असते, पण बाजारात ती ओळखता येत नाही. भिवंडीत ती ढळढळीत दिसते. ग्रेचा भाव पडला की मालकाला भाडं, हप्ते, विजेचा स्थिर आकार भागवण्यासाठी जास्त तास माग चालवावे लागतात. सगळ्यांनी तेच केलं की बाजारात माल आणखी वाढतो आणि भाव आणखी पडतो. मंदीत मालकांनी एकत्र ठरवून काही दिवस माग बंद ठेवल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तो या फेऱ्याला घातलेला ब्रेक आहे, आणि त्या ब्रेकचा झटका रोजंदारीच्या कामगाराला बसतो. दुसरा फेरा जुन्या मागाचा. जुन्या मागावर कापड साधं निघतं, साध्या कापडाला दर कमी, कमी दरात नवा माग घ्यायला पैसा उरत नाही.

केंद्र सरकारने १ एप्रिल २०१७ रोजी पॉवरटेक्स इंडिया ही योजना सुरू केली, तो कार्यक्रम भिवंडीतच झाला होता. साध्या मागाला तार तुटताच आपोआप थांबवणारी यंत्रणा, बीम सोडण्याची सुधारित पद्धत असे जोड बसवण्यासाठी अनुदान हा अशा मदतीचा एक भाग होता. हे उदाहरण वर्गात वादासाठी ठेवा. माग आपोआप थांबला तर खराब कापड कमी निघतं, सूत वाचतं. एक कारीगर चारऐवजी आठ माग सांभाळू शकतो. मग उरलेल्या कारीगराचं काय? मीटरमागची मजुरी तेवढीच राहील की कमी होईल? वाचलेलं सूत कुणाचं? जॉबवर्क असेल तर सूत व्यापाऱ्याचं असतं, मालकाला मजुरी पिकमागे पैशांत मिळते. ज्याने पैसे घालून जोड बसवला त्याच्या हाती फायद्याचा किती वाटा येतो, ते मुलांना काढायला लावा.

डोनेला मेडोज या अमेरिकन संशोधिकेचं नाव इथे घ्यायला हवं. १९७२ च्या 'लिमिट्स टु ग्रोथ' या अहवालाच्या त्या मुख्य लेखिका. व्यवस्थेत बदल घडवायला कुठे हात घालावा याची त्यांनी पुढे एक उतरंड मांडली. त्यात अनुदान, कर, दर असे आकडे सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत. नियम, माहिती कुणाला मिळते, आणि व्यवस्थेचं उद्दिष्ट काय, हे बरंच वर. भिवंडीत हे तपासा. पिकमागे दर पाच पैशांनी वाढवणं हा आकडा झाला. पिक मोजून पैसे देण्याऐवजी निर्दोष कापडावर पैसे देणं हा नियम झाला. मुलांना दोन्ही पर्याय घेऊन एका मालकाशी, एका कारीगराशी आणि एका व्यापाऱ्याशी बोलायला पाठवा. पुस्तकातली उतरंड तिघांच्या उत्तरांपुढे टिकते का, ते त्यांनाच ठरवू द्या.

पावसाळ्यात बाहेर पडता आलं नाही तर वर्गात एक खेळ घ्या. जे फॉरेस्टर यांच्या एमआयटीतल्या गटाने १९६० च्या सुमारास तयार केलेला साखळीचा खेळ जगभर खेळला जातो. त्याला भिवंडीचा वेश चढवा. चार टेबलं: कापड दुकानदार, प्रोसेस हाऊस, यंत्रमाग कारखाना, सूत व्यापारी. प्रत्येक फेरी म्हणजे एक आठवडा. दुकानदार चिठ्ठीवर मागणी लिहून मागच्या टेबलाला देतो, माल दोन फेऱ्यांनी पोहोचतो, बोलायला बंदी. पहिल्या चार फेऱ्या मागणी चाळीस ताक्यांची ठेवा, मग एकदाच साठ करा आणि पुढे साठच ठेवा. वीस फेऱ्या खेळवा. सूत व्यापाऱ्याच्या टेबलावरचे आकडे कधी दीडशेवर जातात, कधी शून्यावर येतात, आणि सगळे एकमेकांवर चिडतात. मग फळ्यावर खरी मागणी लिहा. चूक कुणाचीच नव्हती, माल आणि माहिती उशिरा पोहोचत होती, हे कळलं की वर्ग गप्प होतो. दीड तास पुरतो. सुताचे भाव चढले की भिवंडीत काय होतं, याची चर्चा त्याच दिवशी उरकून घ्या, दुसऱ्या दिवशी तो ताव राहत नाही.

इलेक्ट्रिकलच्या मुलांसाठी भिवंडीत वेगळं प्रकरण आहे. २६ जानेवारी २००७ पासून इथलं वीज वितरण महावितरणने टोरंट पॉवरकडे सोपवलं. फ्रँचायझीचा हा देशातला पहिला मोठा प्रयोग. त्याआधी वितरण आणि वसुलीची मिळून हानी ५८ टक्क्यांच्या घरात होती, काही वर्षांत ती वीसच्या आसपास आली. कमी भारावर चालणाऱ्या हजारो छोट्या मोटरींमुळे पॉवर फॅक्टर किती पडतो, कपॅसिटर बसवल्यावर रोहित्रावरचा ताण कसा कमी होतो, हे शिकवायला याहून जिवंत उदाहरण नाही. पण हानी कमी झाली म्हणजे काय झालं, हे दोन बाजूंनी पाहायला लावा. बिलांबद्दलच्या तक्रारी आणि आंदोलनंही त्याच शहरात झाली. जे युनिट पूर्वी कागदावर हानी म्हणून दिसायचं, त्याचा काही भाग कुणाच्या तरी मागावर चालत होता.

गोदामांसाठी सिव्हिलच्या मुलांना छत्री घेऊन जुलैत न्या. एक हेक्टर छप्पर, तासाला १०० मिलिमीटर पाऊस: एका तासात दहा लाख लिटर पाणी पन्हाळीतून खाली. त्याच जागी पूर्वी भातखाचर होतं. पंधरा सेंटिमीटर उंचीचा बांध, त्यात पाच सेंटिमीटर पाणी आधीच उभं. उरलेल्या दहा सेंटिमीटरमध्ये नेमकं दहा लाख लिटर मावतं. म्हणजे तो एक तासाचा ढगफुटीसारखा पाऊस खाचर जागच्या जागी धरून ठेवत होतं, आणि त्याबद्दल शेतकऱ्याला कधी कुणी काही दिलं नाही. आता तेच पाणी रस्त्यावर, नाल्यात आणि कामवारीत एकदम उतरतं. वर्षाला अडीच हजार मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के पाणी धरलं तर त्याच छपरावरून दोन कोटी लिटर मिळतं. दरडोई १३५ लिटरने सुमारे चारशे माणसांची वर्षभराची गरज. मुलं आनंदाने हा आकडा पोस्टरवर लिहितात. त्यांना विचारा, चार महिन्यांत पडलेलं पाणी मे महिन्यापर्यंत साठवायला टाकी केवढी लागेल, ती कुणाच्या जागेत, आणि खाली काळा कातळ असताना जमिनीत किती मुरेल? शेजारच्या शहापूर तालुक्यातून भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकर लागतात, ही वस्तुस्थिती समोर ठेवून ही टाकी कुठे बांधाल, हेही विचारा.

इमारतींबद्दल बोलताना आवाज खाली ठेवा. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे भिवंडीत जिलानी इमारत कोसळली, चाळीसच्या आसपास माणसं गेली. २९ एप्रिल २०२३ ला वळपाडा इथे खाली गोदाम आणि वर घरं असलेली इमारत पडली. अशा घटनांकडे काँक्रीटच्या ग्रेडचा प्रश्न म्हणून पाहून भागत नाही. धोकादायक म्हणून नोटीस मिळालेल्या घरात माणूस का राहतो? कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर परवडणारी दुसरी खोली नसते म्हणून. राहण्यासाठी मोजलेल्या भारावर माल का ठेवला जातो? भाडं जास्त मिळतं म्हणून. या विषयावर मुलांना घटनास्थळी नेऊ नका. वाचायला द्या, आपल्या राहत्या इमारतीची पाहणी करायला सांगा.

गुण कसे द्यायचे, हा शिक्षकांचा नेहमीचा प्रश्न. माझी सूचना अशी की सुचवलेल्या उपायाला निम्म्याहून कमी गुण ठेवा. उरलेले तीन गोष्टींना. हद्द कुठे आखली आणि का, हे लिहिलंय का? उपायामुळे कुणाचं काम, खर्च किंवा घाण वाढते, हे सांगितलंय का? एखादा आकडा स्वतः मोजलाय का? 'जनजागृती करावी' हे वाक्य ज्या अहवालात येईल तो परत करा. कुणाला जागं करायचं, आणि जाग आल्यावर त्याने कुठल्या पैशातून काय करायचं, ते लिहून आणायला सांगा. तोंडी परीक्षेला शक्य असेल तर एखादा जॉबर किंवा मालक बोलवा. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरचे प्रश्न कुठल्याही बाह्य परीक्षकापेक्षा अवघड असतात. त्याला मानधन द्या, बाह्य परीक्षकाला देता तेवढंच.

हे सगळं एकट्याने उभं करायची गरज नाही. पुणे जिल्ह्यात पाबळचा विज्ञान आश्रम डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केला. तिथली मुलं गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा करून देत शिकतात. आयआयटी मुंबईत ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा हे केंद्र १९८५ पासून आहे. तिथल्या प्रा. मिलिंद सोहोनी आणि सहकाऱ्यांनी ठाणे-रायगड भागातल्या नळपाणी योजनांवर विद्यार्थ्यांकडून अभ्यास करून घेतले, आणि त्या अनुभवातून उन्नत महाराष्ट्र अभियान उभं राहिलं. राज्यातल्या कॉलेजांनी आपापल्या जिल्ह्याचे प्रश्न अभ्यासावेत, प्रशासनाने ते काम विचारात घ्यावं, अशी त्याची मांडणी आहे. प्राचार्यांची परवानगी मिळवताना या नावांचा उपयोग होतो, आणि त्या कामांच्या पद्धती बघून आपला आराखडा बांधताही येतो.

पहिल्या वर्षी एकच कारखाना, एकच सायझिंग आणि एकच गोदाम घ्या. जास्त घेतलंत तर मोजमाप होत नाही, सहल होते. जुलैत पाण्याचं काम, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मागाचं, दिवाळीआधीच्या गर्दीत कारखान्याला त्रास देऊ नका, तेव्हा वर्गातला खेळ घ्या. डिसेंबरमध्ये दोन पानांचा अहवाल हिंदीत आणि उर्दूत करून मालकाला आणि कारीगरांना वाचून दाखवा. आकडा चुकला असेल तर ते तिथेच सांगतात आणि तो तिथेच दुरुस्त करता येतो. मोजमापाची वही कॉलेजच्या कपाटात ठेवू नका. ती पुढच्या तुकडीच्या गटप्रमुखाकडे सोपवा, कारखान्याच्या नाव-पत्त्याऐवजी एखादा क्रमांक घालून, म्हणजे मालकाची अडचण होणार नाही आणि नव्या मुलांना त्याच मागापाशी, त्याच मीटरचं वाचन पुढे चालू करता येईल.